दस्तुरी कोणाची?



मराठीत 'दस्तुरी' हा एक जुना शब्द आहे. फारसीत 'दस्तूर' म्हणजे रीत, प्रघात. त्यावरून तो आपल्याकडे आला. धन्याच्या पैशाने बाजारहाट करणाऱ्या नोकराच्या हातावर दुकानदार रिवाजाप्रमाणे जी लहानशी रक्कम ठेवीत असे, ती दस्तुरी. हा शब्द आज बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. ती वस्तू मात्र गेलेली नाही. कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट, कॅशबॅक, अमुक रकमेच्या खरेदीवर मिळणारे गिफ्ट कार्ड, विमान कंपनीचे मैल अशी तिची नवी नावे झाली आहेत, आणि हातावर पडण्याऐवजी ती मोबाईलमधील खात्यात पडते, एवढाच फरक.

या लाभांचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा हे सांगणारे आज पुष्कळ आहेत. त्यात मुळात वावगे काही नाही. खरेदीत घासाघीस करणे शरीअतने नाकारलेले नाही, आणि कष्टाच्या पैशाचे पूर्ण मोल वसूल करणे म्हणजे कंजूषपणा नव्हे. परंतु या साऱ्या हिशेबाच्या आधी एक प्रश्न उभा असतो आणि तो क्वचितच विचारला जातो. ज्या खरेदीवर हा लाभ मिळाला, ती खरेदी कोणाच्या पैशाची होती?

स्वतःच्या पैशाची बाजू आधी आटोपून घेऊ. जे सामान आपण घरासाठी घेणारच होता, त्यावर दुकानाने पॉइंट दिले, तर बहुतेक उलेमा त्यास दुकानदाराने राजीखुशीने दिलेली सवलत मानतात. ती घ्यावी, आणि घेतल्यावर वाया जाऊ देऊ नये. लग्नात किंवा ईदीत मिळालेले गिफ्ट कार्ड कपाटात पडून राहते आणि मुदत संपल्यावर सापडते, हे घरोघरी घडते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार बँकांनी व परवानाधारक कंपन्यांनी दिलेले गिफ्ट कार्ड १०,००० रुपयांपेक्षा अधिक रकमेचे नसते, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, त्यातून रोकड काढता येत नाही, आणि त्याची मुदत किमान एक वर्ष असते. एखाद्या दुकानाचे स्वतःचे, केवळ त्याच दुकानात चालणारे कार्ड मात्र या नियमांच्या कक्षेत येत नाही. तेथे त्या दुकानाच्या अटी लागू होतात, म्हणून कार्ड हाती येताच मुदत वाचून घ्यावी. कार्डधारक जी रक्कम कधीच वापरत नाहीत, ती व्यापारी अखेरीस आपल्या उत्पन्नात धरतात. हिशेबशास्त्रात तिला 'ब्रेकेज' असे नावही आहे. म्हणजे आपला विसरभोळेपणा आधीच त्यांच्या ताळेबंदात मांडून ठेवलेला असतो. कार्डावर उरलेले सदतीस रुपयेही पुढच्या साबण-तेलाच्या बिलात लावून संपवावेत. खाली पडलेला घास उचलून, स्वच्छ करून खाण्याची शिकवण ज्यांना प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी दिली, त्यांना सदतीस रुपये क्षुल्लक वाटू नयेत. आणि त्या दुकानातील काहीच आपल्या गरजेचे नसेल, तर ज्याला गरज आहे त्याला ते कार्ड मुदतीच्या आत देऊन टाकावे.

याच्या उलट टोकही आहे. 'दोन हजारांच्या खरेदीवर तीनशेचे कार्ड' अशी पाटी असते. गरज चौदाशेची असते. मग सहाशे रुपयांचे नको असलेले सामान टोपलीत पडते, आणि मिळालेले तीनशे खर्चण्यासाठी पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढावी लागते. यास 'बचत' म्हणणे हा मराठी भाषेवरही अन्याय आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्या माणसाचे नाते कोणाशी जोडले आहे, हे आपण जाणताच.

क्रेडिट कार्डाचा प्रश्न निराळा आणि अधिक कठीण आहे, कारण मुदतीत बिल न भरल्यास व्याज देण्याची अट त्या करारातच असते. दर महिन्यास पूर्ण बिल फेडणाऱ्याला काही उलेमा मुभा देतात. काही म्हणतात की अशा करारावर सहीच करू नये. आपण ज्या आलिमांवर विसंबता त्यांना विचारावे. मात्र थकबाकी ठेवून, अनेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांहून अधिक व्याज भरत, वर पॉइंट मोजीत बसणाऱ्याला कोणाचीच मुभा नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू.

मोहल्ल्यातील एक विधवा भगिनी शेजारच्या तरुणाच्या हाती रोख तीन हजार देते आणि मिक्सर ऑनलाइन मागवायला सांगते. कॅशबॅक तरुणाच्या खात्यात जमा होतो. रमजानमध्ये इफ्तारीचे खजूर, तांदूळ, तेल जमातीच्या पैशातून घेतले जाते. खजिनदार आपल्या कार्डाने पैसे चुकते करतो, मागाहून मशिदीच्या खात्यातून रक्कम घेतो, आणि पॉइंट त्याच्या कार्डावर राहतात. कोणी चोरी केलेली नाही. बिले खरी आहेत, मालही पूर्ण आला आहे. जुम्अच्या नमाजानंतर असे प्रश्न घेऊन येणारी माणसे बहुधा प्रामाणिकच असतात. अप्रामाणिक माणूस विचारायला येत नाही. ते म्हणतात, 'मौलाना, यात कोणाचे काय गेले?'

या वाक्यात पहिली चूक अशी, की पॉइंट आकाशातून पडत नाहीत. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराला शुल्क द्यावे लागते. क्रेडिट कार्डावर ते शंभर रुपयांमागे साधारण दोन रुपयांच्या आसपास असते. त्यातील मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि त्यातला काही अंश पॉइंटांच्या रूपाने ग्राहकाकडे परततो. दुकानदार ते शुल्क मालाच्या किमतीतच धरतो. तेव्हा इफ्तारीच्या तेलाच्या किमतीत त्या पॉइंटांची किंमत आधीच मिसळलेली असते, आणि ती जमातीने भरलेली असते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. पूर्वी वाण्याकडे सामान आणायला गेलेल्या मुलाच्या हातावर वाणी गुळाचा खडा ठेवीत असे. पैसे बापाचे, गूळ मुलाचा. त्यावर कोणी फतवा मागितला नाही. 'पॉइंट म्हणजे तो गुळाचा खडाच' असे कोणी म्हणेल, आणि अगदी लहान रकमेपुरते ते मला मान्य आहे. पण तो खडा बापाला ठाऊक होता. त्याच्याही बापाने त्याला तसाच खाऊ दिला होता. आणि मूल गुळासाठी दुकान निवडीत नसे. ज्या दिवशी ते गुळाच्या लोभाने महाग दुकानातून तांदूळ आणू लागेल, त्या दिवशी तो खडा खाऊ उरत नाही. खजिनदाराने घाऊक बाजार सोडून, आपल्या कार्डावर पाचपट पॉइंट देणाऱ्या मॉलमधून खजूर घेतले, तर किलोमागे वीस रुपये कोणाचे गेले? अमानतीचे सर्वांत मोठे नुकसान येथे आहे. लाभ आधी माणसाच्या निर्णयात शिरतो, खिशात तो मागाहून पडतो.

आपल्या परंपरेत याचे एक सुंदर उदाहरण आहे. प्रेषितांनी (सल्ल.) उरवा बारिकी (रजि.) यांना एक दीनार देऊन बकरी आणायला पाठविले. त्यांनी त्या एका दीनारात दोन बकऱ्या मिळविल्या, वाटेत एक बकरी एका दीनाराला विकली, आणि बकरी व दीनार दोन्ही आणून प्रेषितांपुढे ठेवले. हुशारी उरवांची होती, पायपीटही त्यांचीच होती. मागितली होती ती बकरी त्यांनी आणून दिलीच होती. दीनार खिशात ठेवला असता तर कोणाला कळलेही नसते. प्रेषितांनी त्यांच्या व्यापारात बरकतीसाठी दुआ केली. ही हदीस सहीह बुखारीत आहे. हनफी फिक्हमध्येही हाच धागा आहे. दुसऱ्यासाठी खरेदी करणाऱ्या वकिलाला, म्हणजे प्रतिनिधीला, विक्रेत्याने किमतीत सूट दिली, तर ती सूट ज्याच्यासाठी खरेदी झाली त्याची असते. कोकणातील आपल्या शाफई बांधवांनी तपशिलासाठी आपल्या उलेमांना विचारावे, परंतु अमानतीच्या मुळाशी कोणाचाच मतभेद नाही.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण त्यावाचून आपण निरपराध माणसावर आरोप करू. समजा, उमराहला जाणाऱ्या चाळीस जणांची विमान तिकिटे एका गृहस्थाने आपल्या कार्डावर काढली. तिकीट साठ हजारांचे. एकूण चोवीस लाख. एक टक्का लाभ धरला तरी चोवीस हजार रुपये होतात. हा गृहस्थ टूर चालवणारा व्यावसायिक असेल, त्याने 'सर्व खर्चासह एक लाख दहा हजार' असा एकच भाव सांगितला असेल, तर तो विक्रेता आहे. तिकीट स्वस्त मिळाले तर नफा त्याचा, महाग पडले तर तोटाही त्याचा, आणि पॉइंटही त्याचेच. त्याच्याकडे बोट दाखवू नये. परंतु 'मी काही नफा घेत नाही, जो खर्च येईल तो सर्वांनी द्यावा' असे सांगून त्याने पैसे जमा केले असतील, तर तो वकील आहे. त्याने सांगितलेला 'खर्च' चोवीस लाख नव्हता. तो तेवीस लाख शहात्तर हजार होता. प्रत्येकाचे सहाशे रुपये त्याच्याकडे आहेत. 'सेवा म्हणून करतो' हे शब्द उच्चारले नसते, तर हा प्रश्न उद्भवलाही नसता.

'पण कार्ड माझे आहे, बिल थकले तर दंड मला पडेल,' असे उत्तर येते. ते पोकळ नाही. इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये आदरणीय उमर (रजि.) यांच्या दोन पुत्रांची हकीकत आहे. अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह सैन्यासह इराकमध्ये गेले होते. परतताना बसराचे अमीर अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी मदीनेला पाठवायचा सार्वजनिक पैसा त्यांना कर्जाऊ दिला, तो अशासाठी की त्यांनी इराकमधून माल घ्यावा, मदीनेत विकावा, मूळ रक्कम खलिफांच्या स्वाधीन करावी आणि नफा स्वतः ठेवावा. तसे झाले. खलिफांनी मुलांना विचारले, की साऱ्या सैन्याला असेच कर्ज मिळाले होते काय? नाही, असे उत्तर आले. तेव्हा मूळ रक्कम आणि नफा दोन्ही जमा करा, असा हुकूम झाला. अब्दुल्लाह गप्प राहिले. उबैदुल्लाहांनी मात्र वाद घातला, की पैसा बुडाला असता तर भरपाई आम्हालाच द्यावी लागली असती. हुकूम बदलला नाही, तेव्हा बसलेल्यांपैकी एकाने सुचविले की यास किराद, म्हणजे नफ्यातील भागीदारी, समजावे. उमर (रजि.) यांनी ते मानले. मूळ रक्कम आणि अर्धा नफा बैतुलमालात गेला, अर्धा मुलांना मिळाला.

उबैदुल्लाहांचा युक्तिवाद आज कार्डधारकाच्या तोंडून जसाच्या तसा ऐकू येतो, आणि जोखीम पत्करणाऱ्याला काहीच नाही असे खलिफांनीही अखेर म्हटले नाही. परंतु त्यांचा पहिला प्रश्न पाहा. पैसा बुडाला का, हे त्यांनी विचारलेच नाही. ही संधी तुम्हालाच का मिळाली, हे विचारले. खजिनदाराने स्वतःला हाच प्रश्न घालावा: लाख रुपयांच्या रमजान खरेदीवर आपले कार्ड फिरवण्याची संधी पहिल्या सफीतील रिक्षावाल्याला मिळाली असती काय? प्रेषितांनी (सल्ल.) जकात गोळा करायला पाठविलेला माणूस परत येऊन 'हे तुमचे आणि हे मला भेट मिळाले' असे म्हणाला, तेव्हा त्याच्यापुढेही हाच आरसा धरला गेला. आई-बापाच्या घरी बसून राहिला असता, तर ती भेट त्याच्याकडे चालून आली असती का?

कंपनीच्या कामासाठी प्रवास करणाऱ्यांना मी वेगळे उत्तर देतो. विमानाचे मैल किंवा हॉटेलचे पॉइंट कर्मचाऱ्याने ठेवावेत असे अनेक कंपन्यांत लेखी किंवा सर्वमान्य असते. मालकाची संमती असली की ते हलाल. ठाऊक नसेल, तर एकदा विचारावे.

संमतीविषयी मात्र एक सावधगिरी बाळगावी. हरमहून परतल्यावर, विमानतळावर चाळीस जणांच्या घोळक्यात 'पॉइंट मी ठेवले तर चालतील ना?' असे विचारले, तर कोण नाही म्हणेल? दोन आठवडे ज्याने आपले सामान उचलले त्याच्या तोंडावर सहाशे रुपये मागायला जीभ रेटत नाही. लाजेखातर दिलेला होकार फिक्हच्या दृष्टीने कच्चाच असतो. ही गोष्ट पैसे घेण्याआधी, खर्चाच्या कागदावर एका ओळीत लिहावी: तिकिटांवरील लाभ गटप्रमुख ठेवील, अथवा त्याची किंमत शेवटच्या हप्त्यातून वजा होईल, आपणांस काय मान्य आहे, ते खूण करून कळवावे. मशिदीच्या जमाखर्चाच्या वहीतही 'सूट व कॅशबॅक' असा एक रकाना पुरे. पॉइंटांचे रोख पैसे होत नसतील, तर त्यांवर मिळणारा पंखा किंवा चटई मशिदीत आणावी. आणि चाळीस कागदांपैकी दोघांनीच सहाशे रुपये वजा करण्यावर खूण केली, तर त्या दोघांची नावे कोणाला न सांगता त्यांचे सहाशे वजा करावेत.