हें कोणाचें होतें?

सुटी लागली कीं नातवंडें घरीं येतात, आणि दोन दिवस घर डोक्यावर घेऊन झालें कीं त्यांना कोठें तरी फिरवून आणण्याचें काम आजी-आजोबांच्या वांट्यास येतें. पुण्यांतील कुटुंबांपुरतें बोलावयाचें तर शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय हीं ठिकाणें जणूं ठरूनच गेलीं आहेत. पहिल्या तीन ठिकाणीं मुलें धांवतात, चढतात, भूक लागली म्हणून कुरकुरतात. चौथ्या ठिकाणीं मात्र त्यांना प्रश्न सुचतात. त्या प्रश्नांना वडीलधाऱ्यांनीं काय उत्तर द्यावें याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. वरकरणीं हा करमणुकीचा विषय दिसला तरी त्यांत सत्यासत्याचा एक खरा पेंच आहे.

‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं १९२० च्या सुमारास जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला आणि १९६२ सालीं तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्याला नांव दिलें तें अकालीं गेलेल्या आपल्या मुलाचें. आज तेथें वीस हजारांवर वस्तु आहेत. परंतु त्या संग्रहाचा जीव राजवैभवांत नाहीं, घरगुती जिनसांत आहे. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, दौती, पाय घासण्याच्या वजऱ्या, कुंकवाचे करंडे! सुपारी कातरणें हें काय मोठें काम? पण कोणा अनाम कारागिरानें त्या अडकित्त्याचा पोपट केला, घोडा केला, आणि जेवणानंतरच्या पांच मिनिटांच्या विड्याला शोभा आणली. गरजेपुरतें करून न थांबणारा हा हात पाहून मन प्रसन्न होतें, आणि तें व्हावेंच.

मुलें मात्र कारागिरीपाशीं फार वेळ थांबत नाहींत. त्यांचा प्रश्न एकच असतो : “आजोबा, हें कोणाचें होतें?” कांचेखालच्या चिठ्ठीवर धातु, गांव आणि शतक एवढेंच असतें, माणूस नसतो. ती रिकामी जागा मग आजोबा भरून काढतात. आमच्या वाड्यांत अगदीं असाच डबा होता, अशीच समई होती, असें ते सांगूं लागतात, आणि बघतां बघतां पंगती उठतात, झोपाळे हलूं लागतात, गौरी-गणपतीचा थाट उभा राहतो. यांत खोटें असें कांहीं नसतें. तरीही ऐकणाऱ्या मुलाच्या मनांत जें चित्र उमटतें तें खरें नसतें.

कुंकवाच्या करंड्याचेंच पाहा. नातीला आपण सांगतों कीं, यांत बायका कुंकू ठेवीत. ती झांकणावरची नक्षी पाहते आणि पुढें जाते. पण तो करंडा ज्या प्रकारच्या घरांतून आला त्या पांढरपेशा, विशेषतः ब्राह्मण घरांत, एखादी तरी बाई अशी असे कीं जिच्यासाठीं तो कायमचा मिटलेला होता. आज सत्तरीच्या पुढें असलेल्या पुष्कळांनीं लहानपणीं लाल आलवणांतली, केशवपन झालेली एखादी सोवळी आजी किंवा आत्या पाहिलेली आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं एका विधवेशीं विवाह केला म्हणून समाजानें त्यांना वाळींत टाकलें, आणि १८९६ मध्यें त्यांनीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. केळकरांचा जन्मही त्याच सालचा. म्हणजे करंडे जमविणारा आणि करंड्यावांचून राहिलेल्या मुलींना आसरा देणारी संस्था, दोन्हीं एकाच वर्षाचीं!

तांब्यापितळेच्या पाण्याच्या भांड्यांचीही हीच कथा. पितळ लखलखीत असतें. त्या भांड्याला कोणाचा हात लागलेला चालत नसे, हें पितळ सांगत नाहीं. चवदार तळें महाडच्या नगरपालिकेनें ठरावानें सर्वांना खुलें केलें होतें. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्याचें पाणी प्याले तेव्हां त्यांच्या लोकांवर मारहाण झाली. पाण्याचें भांडें आणि ती मारहाण एकाच काळांतलीं आहेत; संग्रहालयांत त्यांतलें एकच ठेवतां येतें.

यावर कोणी म्हणेल, सुटीच्या दिवशीं आठ वर्षांच्या पोराला हें सारें कशाला? आक्षेप हलका नाहीं. बाळपणाच्या आनंदाला स्वतःचा हक्क आहे, आणि मुलांना हात धरून पापांच्या यादीवरून फिरविणारा आजोबा हा मोठा कंटाळवाणा प्राणी होय. शिवाय त्या पापांत त्या मुलाचा वांटा काय? कांहींच नाहीं. परंतु पोपटाच्या अडकित्त्याचा वारसा आपण त्याला ‘हें आपलें’ म्हणून देतों, त्यांतही त्याचा वांटा नसतोच. शोभा तेवढी आपली आणि लाज परक्याची, ही वांटणी मला प्रामाणिक वाटत नाहीं. वारसा सांगावयाचा तर सबंध सांगावा. थोडा थोडा सांगावा, पण सांगतांना चाळणी लावूं नये.

उलट बाजूचा अतिरेकही पाहण्यांत येतो. कांहीं मंडळींना जुनी वस्तु दिसली कीं तींत केवळ अन्याय दिसतो; मग ज्या लोहारानें तो पोपट घडविला त्याच्या हाताचा आनंदही त्यांच्या हिशेबीं शून्य होतो. हाही त्या कारागिरावर अन्यायच. त्याचें नांव आधींच बुडालेलें. निदान त्याचें कसब तरी मान्य करावें.

माझ्या मतें या कामीं आजोबांपेक्षां आजी अधिक भरंवशाची साक्षीदार आहे. आजोबांनीं समई उजळलेली पाहिली. आजीनें ती चिंचेनें आणि राखेनें घासली. पानाचा डबा त्यांच्यापुढें भरलेला येई; चुना कोणी मळला, कात कोणी कुटला, हें तिला ठाऊक. म्हणून संग्रहालयांत जातांना तिला “तूं बस बाहेर, पाय दुखतील” म्हणून बाकावर बसवूं नये. दिव्यांच्या दालनांत तिला आधीं बोलूं द्यावें. ती बहुधा प्रथम आढेवेढे घेईल, “मला काय कळतंय त्यांतलं” म्हणेल. मग एखाद्या लामणदिव्यापाशीं तिचे पाय थबकतील, आणि तेल किती लागे, काजळी कशी धरे, झोंप डोळ्यांवर असतांना वात सारखी करावयास कोण उठे, हें ती नातीला सांगूं लागेल. त्या वेळीं पुढचें दालन बंद व्हावयाची वेळ झाली असली तरी तिला घाई करूं नये.