स्वधर्म आणि शाखेची निवड

दहावीनंतर तंत्रनिकेतनाच्या तीन वर्षांच्या पदविकेसाठी पसंतीक्रम भरताना यांत्रिकी, विद्युत की या दोहोंना इलेक्ट्रॉनिकी नियंत्रणाशी जोडणारी मेकॅट्रॉनिक्स, असा जो प्रश्न विद्यार्थ्यापुढे येतो, तो वरकरणी नोकरीचा दिसला तरी मुळात स्वधर्माचा, म्हणजे आपले म्हणून करावयाचे कर्म कोणते याचा, असतो. परक्याचे कर्म उत्तम रीतीने करण्यापेक्षा स्वतःचे सदोष कर्मही श्रेयस्कर, असे गीता तिसऱ्या आणि पुन्हा अठराव्या अध्यायात सांगते. पण ते 'स्वतःचे' कशावरून ओळखावे? विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या प्रवचनांत स्वधर्म शोधावा लागत नाही, आईसारखा तो आपसूक लाभलेला असतो, अशी भूमिका मांडली. जन्मावरून व्यवसाय ठरू नये असे मानणाऱ्या समाजाला शाखेच्या निवडीत हे उत्तर पुरत नाही, आणि सोळाव्या वर्षीच्या आवडीला स्वधर्म म्हणणेही पुरत नाही, कारण ज्या कामाला हात लागलेला नाही त्याची आवड बहुधा ऐकीव असते.

येथे यंत्राचाच दाखला उपयोगी पडतो. पंपाची मोटार वारंवार ट्रिप होते, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागताच ओव्हरलोड रिले ती बंद पाडतो, तेव्हा दोष पॅनेलमध्ये दिसत असला तरी त्याचे मूळ तीनपैकी एक फेज जाण्यात असू शकते, तसेच ते कोरडे पडून जाम होऊ लागलेल्या बेअरिंगमध्येही असू शकते. वायंडिंगपुरते पाहणारा ते जळाले की नवे भरून देतो आणि बेअरिंग तसेच राहिले तर तेही पुन्हा जळते. विद्युत आणि यांत्रिकी हा भेद अभ्यासक्रमाच्या सोयीचा आहे, मोटारीला तो ठाऊक नाही. अशा ठिकाणी कर्म माणसाच्या मताला जुमानत नाही, मोजमाप खोटे असेल तर मोटार फिरत नाही, आणि या अडवणुकीतूनच करणाऱ्याचा स्वभाव घडतो. म्हणून स्वधर्म आधी सापडून मग आचरला जातो असे नव्हे. तो आचरताना आकार घेतो.

ॲरिस्टॉटलने 'तेख्ने', म्हणजे विचारपूर्वक घडवण्याचे कौशल्य, हे सत्य गाठण्याच्या बुद्धीच्या पाच मार्गांत गणले होते. आपल्याकडे मात्र हाताच्या विद्येला पोथीच्या विद्येखाली बसवण्याची जुनी सवय पदविकेला पदवीहून हलकी समजण्यात अजून टिकून आहे, आणि ही सवय धर्मदृष्ट्याही चूक आहे, कारण गीतेचा कर्मयोग कर्माच्या प्रतिष्ठेवर नव्हे, ते कसे केले जाते यावर उभा आहे. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, हा व्यवहाराचा भाग वेगळा.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी पसंतीक्रम भरण्यापूर्वी त्या तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत जावे, आणि तेथे मोटार विद्यार्थी स्वतः उघडून पुन्हा जोडतात की केवळ लांबून पाहतात, हे डोळ्यांनी पाहून यावे.