परत येण्याचे वचन देणारा शोमरोनी



चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०) आपण पुष्कळदा ऐकला आहे. जखमा बांधणारा शोमरोनी आपल्याला आठवतो. पुढचे मात्र निसटते. दुसऱ्या दिवशी त्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या मालकाकडे सोपवले, दोन दीनार दिले आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना फेडण्याचे कबूल केले. त्याने सेवा सोपवली, जबाबदारी स्वतःकडेच ठेवली. परिचारिकांनाही हेच शिकवतात: काम कोणाला झेपेल ते पाहावे, नीट समजावावे, साधने द्यावीत आणि पुन्हा येऊन पाहावे.

आपल्या भूम-परंड्याच्या शेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केले. गावांतल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्यांत अनेक निरक्षर होत्या, दलित होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि नर्स-डॉक्टरांचे पथक गावी जाऊन त्यांच्या पाठीशी उभे राही. आपल्या जिल्ह्यातही अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील महिलांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले.

अशा सेविकेचे बळ तिच्या बोलण्यात असते. जुलाब झालेल्या लेकराच्या आईला ‘समजलं का?’ विचारले, तर ती नुसती मान डोलावते. ‘पाणी कसं करशील, सांग बरं?’ असे विचारले, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे ती स्वतः सांगते. चुकली तर तिथेच कळते. आंधळ्या बार्तिमयाला काय हवे ते उघड होते; तरीही प्रभू येशूने आधी त्यालाच विचारले.

आता आपल्या घरात पाहू या. अंथरुणाला खिळलेल्या आईचे सगळे आपण बायकोवर, सुनेवर टाकतो आणि ‘गोळ्या दे’ म्हणून कामाला निघतो. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे तिला कोणी सांगितलेले नसते. रात्री ‘तू जेवलीस का?’ असेही कोणी विचारत नाही. याला सोपवणे म्हणता येईल का?

या आठवड्यात डॉक्टरांची चिठ्ठी घरातल्या सर्वांनी मिळून वाचू या. एक रात्र तिच्याऐवजी आपण जागू या. आजाऱ्याच्या उशाशी बसून, काय हवे ते त्यालाच विचारू या.

सेवा करणाऱ्या सर्व हातांना प्रभू बळ देवो. आमेन.