धार गेली, हे कुणी ठरवायचं?

धार नेमकी कोणत्या क्षणी संपते? ब्लेडने दाढी करणाऱ्याला हा प्रश्न कधीतरी पडलेला असतो. कालचं ब्लेड आज चाललं, उद्याही चालेल, आणि परवा गालावर ओरखडा उमटला की आपण म्हणतो, गेलं. पण गेलं कधी? कारखान्यातल्या टूलचंही तेच आहे. लेथच्या टूलसाठी आयएसओ 3685 नावाचं मानक आहे. टूलच्या घासणाऱ्या बाजूवर झीज सरासरी 0.3 मिलिमीटर झाली की त्याचं आयुष्य संपलं, असं त्यात धरतात. 0.29 ला जिवंत, 0.30 ला मेलं. लोखंडात अशी रेघ कुठेच नसते. ती माणसांनी बसून आखली, आणि आखावी लागतेच, कारण जॉब थांबत नाही.

मी दौंडचा, कामाला शिरूर तालुक्यात. रांजणगाव म्हटलं की बाहेरच्यांना महागणपती आठवतो, आम्हाला एमआयडीसी. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये माझं काम असं: व्हीएमसीच्या स्पिंडलवर कंपन मोजणारा सेन्सर बसवायचा, मोटरचा करंट नोंदवायचा, आणि त्या आकड्यांवरून टूल किती झिजलंय हे ओळखणारं न्यूरल नेटवर्क शिकवायचं. ऐकायला भारी वाटतं. निम्मा वेळ कूलंटने निखळलेला सेन्सर परत चिकटवण्यात जातो.

तत्त्व सोपं आहे. चार दातांचा कटर मिनिटाला 1200 फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला 20 फेरे, आणि दातांचे 80 ठोके. कंपनाचा सिग्नल वारंवारतांमध्ये फोडला की 80 हर्ट्झवर एक उंच सुळका दिसतो. चारही दात सारखे असतील तर बाकी बऱ्यापैकी शांतता. पण एका दाताचा टवका उडाला, की दर फेऱ्यात एक ठोका वेगळा पडतो आणि 20 हर्ट्झवर नवा सुळका डोकं काढतो. सावकाश होणारी झीज इतकी सरळ दिसत नाही. ती अनेक आकड्यांत थोडी थोडी पसरलेली असते. नेटवर्क त्यासाठीच लागतं. त्याला हजारो उदाहरणं दाखवायची, त्याने अंदाज करायचा, चुकला की आतले आकडे किंचित हलवायचे. पोलादावर शिकवलेलं नेटवर्क बीड कापायला घेतलं की गोंधळतं, पण तो वेगळा विषय.

खरी गोम उदाहरणांत आहे. प्रत्येक उदाहरणाला उत्तर जोडलेलं लागतं: हे टूल चांगलं, हे गेलेलं. प्रयोगशाळेत दर कटनंतर टूल सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आमच्याकडे तेवढा वेळ कुणाला? आमचं उत्तर म्हणजे ऑपरेटरने टूल बदललं ती वेळ. आणि ती वेळ ऑपरेटर बऱ्याचदा कानाने ठरवतो. आमच्याकडचे एक जुने ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते पाठमोरे चहा पीत असताना मध्येच वळून मशीन थांबवतात. इन्सर्टचा कोपरा बघावा तर गेलेला. कसं कळलं, विचारलं तर म्हणतात, "रडायला लागलं होतं."

दौंडच्या पोराला यात नवल नाही. रेल्वेच्या गावात चाकावर हातोडी मारून तडा ऐकणाऱ्या माणसांच्या गोष्टी घरोघरी असतात. अजूनही गाडी स्टेशनात शिरताना रुळाशेजारी बसून चाकं बघणारे, ऐकणारे कर्मचारी असतात.

म्हणजे आमचं नेटवर्क टूलची झीज शिकत नाही, मामांचा निर्णय शिकतं. आणि मामांचा निर्णय फक्त टूलवर ठरत नाही. रिजेक्शनवरून बोलणी खाल्ली की पुढचे काही दिवस सगळे ऑपरेटर टूल लवकर बदलतात. महिनाअखेरीस इन्सर्टचा खप निघाला की तेच लोक टूल ताणतात. शिफ्ट संपायला दहा मिनिटं असतील तर टूल पुढच्या शिफ्टवाल्याच्या गळ्यात. कंत्राटी पोरगा सुपरवायझरला विचारल्याशिवाय हात लावत नाही. हे सगळं आमच्या डेटात आहे, आणि नेटवर्कला ते वेगळं काढता येत नाही. त्याच्या लेखी भीती हाही धातूचाच गुणधर्म. मग पडद्यावर आकडा येतो, "टूल आयुष्य 38 टक्के शिल्लक", आणि मीटिंगमध्ये त्याला विज्ञान म्हणतात.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. टूलच्या आयुष्याचं जे सूत्र डिप्लोमाला पाठ करवतात, ते फ्रेडरिक टेलरचं. तो स्वतः यंत्रशाळेत उमेदवारी केलेला माणूस. 26 वर्षं तो धातू कापण्याचे प्रयोग करत होता, 30 ते 50 हजार प्रयोग, आठ लाख पौंडांहून जास्त लोखंड-पोलादाच्या चिप्स, आणि 1906 साली अमेरिकेतल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने ते मांडले. वेग वाढवला की आयुष्य किती घटतं हे त्यातून कळलं. कार्बाइड टूलला घातांक साधारण 0.25 धरतात, म्हणजे वेग 20 टक्क्यांनी वाढवला की टूल जवळपास निम्मंच टिकतं. टार्गेट वाढवणाऱ्याने हे गणित एकदा करावं, मग ऑपरेटरला टूल जास्त का खाल्लं ते विचारावं.

पण टेलरचं अर्धं कामच आम्हाला शिकवतात. उरलेलं अर्धं 1911 च्या त्याच्या व्यवस्थापनावरच्या पुस्तकात आहे. कामगारांकडे पिढ्यान् पिढ्या साठलेलं ज्ञान व्यवस्थापनाने गोळा करावं, तक्ते करावेत, नियम करावेत, आणि काय कसं करायचं ते वरून सांगावं, हे तो उघडपणे लिहितो. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडतो. आम्ही तेच करतो आणि त्याला डेटा कलेक्शन म्हणतो.

यात चोरी आहे का? माझा मित्र म्हणतो, मामांनाही कुणीतरी शिकवलंच ना, त्यांनी फी भरली? मुद्दा बिनतोड वाटतो, पण आहे का? आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात. शिकवणाऱ्याचं ऋण पुढच्याला शिकवून फिटतं. मामांनी ते फेडलंय, चार-पाच पोरं तयार केलीत. शिवाय त्या पोरांनी शिकल्यामुळे मामा कमी झाले नाहीत. नेटवर्क कुणाचं ऋण मानणार? ती फाइल मालकाची. आणि ती तयार झाल्यावर मामांच्या जागी जॉब लावणारा-काढणारा कुणीही चालतो, असं ठरायला वेळ लागत नाही.

तरीही मामांच्या कानाची आरती ओवाळायला मी तयार नाही. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. आवाजाने कान जातात तेव्हा आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं जातं, म्हणजे नेमका करकरण्याचा, शिट्टीचा भाग. मामा हल्ली फोनवर मोठ्याने बोलतात, नातीचं बोलणं त्यांना दोनदा विचारावं लागतं. जे ऐकून ते टूल वाचवतात, त्यानेच त्यांचं ऐकणं झिजतंय. टूलच्या झिजेला 0.3 ची रेघ आहे, सेन्सर आहे, मी आहे. या दुसऱ्या झिजेची नोंद आमच्या कुठल्याच फाइलमध्ये नाही. म्हणून सेन्सरने हे ओझं उचलावं असंच मला वाटतं. माणसाने आयुष्यभर गोंगाटात कान देऊन उभं राहणं ही काही जपण्यासारखी परंपरा नव्हे.

मग मामांचं देणं काय? पैसे, हो, पण त्याआधी एक साधी गोष्ट: पडदा हिरवा असताना मामा "गेलं" म्हणाले, तर कुणाचं चालणार? सध्या मशीन थांबवायला सुपरवायझरचा पासवर्ड लागतो. जॉब बिघडला तर नोंदीत ऑपरेटरचं नाव येतं, नेटवर्कचं नाव येत नाही. ज्याला अधिकार नाही त्याच्यावर जबाबदारी, आणि ज्याच्याकडे अधिकार आहे त्याला उत्तर द्यायला तोंडच नाही, ही वाटणी कुठल्याही हिशेबाने अन्यायाची आहे.

टूल बदलताना ऑपरेटरला टॅबवर कारण निवडावं लागतं. पर्याय चार: टूल तुटलं, माप गेलं, फिनिश खराब, काउंट पूर्ण. मामा नेहमी "काउंट पूर्ण" दाबतात, काउंट झालेला नसला तरी. कारण त्यांचं कारण यादीत नाही. मी पाचवं बटण सुचवलंय, "आवाज". मॅनेजरसाहेबांनी विचारलं, त्याचं युनिट काय. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला कोपरा पुसून पुन्हा उजेडात धरला आणि म्हणाले, "टाका की सर बटण. पण दाबल्यावर टूल चांगलं निघालं, तर ते कुणाच्या नावावर?"