सहप्रवासाचे ऋण

सात पावले बरोबर चालली की सख्य जुळते, ही भारतीय परंपरेतील फार जुनी समजूत. विवाहविधीतील सप्तपदीने ती घरोघर पोहोचवली. परंतु सात पावलांनी जुळलेल्या सख्याचे हजारो मैलांवर काय होते, या प्रश्नाकडे परंपरेने क्वचितच लक्ष दिले आहे. वस्तुतः सख्याची कसोटी जुळण्यात नसून एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने पुढे जायचे ठरवले, त्या क्षणी असते.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण पारशी सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया हे ते सहा जण. व्यायामाच्या आवडीने ते एकत्र आले होते. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक, सीरियाचे वाळवंट, इजिप्त, युरोप आणि मग अटलांटिकपलीकडची अमेरिका, असा त्यांचा मार्ग. तो देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलीने ओलांडून ते जपान, कोरिया, चीन व ब्रह्मदेशमार्गे १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परतले. परतले ते तिघेच. कापडिया तेहरानहून घरच्या वाटेला लागले होते; अमेरिकेत हाथीराम यांनी तिथेच राहायचे ठरवले आणि पोचखानावाला मायदेशी परतले. १९३१ साली प्रवासवृत्ताचे पुस्तक निघाले, तेव्हा लेखक म्हणून त्यावर तिघांचीच नावे होती.

यावर सोपा निवाडा दोन्ही बाजूंनी देता येतो. सहा जणांनी मिळून संकल्प सोडला होता, तेव्हा जो मध्येच वळला त्याने शब्द मोडला, हा एक. ज्याचे आयुष्य त्याचे, त्याला कुठेही उतरण्याचा अधिकार आहे, हा दुसरा. दोन्ही निवाडे मुक्कामाकडे पाहून दिलेले आहेत. रस्त्याकडे पाहिले तर चित्र बदलते. वाळवंटात पाणी मोजून प्यावे लागते, एकाची सायकल बिघडली की सर्वांचा दिवस जातो, आणि तिथे सोबत्याला सोडणे हे मृत्यूच्या स्वाधीन करण्यासारखे असते. तेहरान किंवा न्यूयॉर्कसारख्या शहरात तसे नसते. तिथे आगगाडी आहे, जहाज आहे, तारघर आहे. निरोप देणे तिथे क्रूर ठरत नाही. म्हणजे सोबत्याचे ऋण जाहीर केलेल्या ध्येयाच्या प्रमाणात नसून संकटाच्या प्रमाणात असते. शहरात विलग होणारा वाळवंटातले आपले देणे फेडून गेलेला असतो. उरतो तो संकल्प, आणि संकल्प हे कुणा माणसाचे देणे नव्हे.

अर्थात एवढ्याने शंका मिटत नाही. कापडिया वळले तेव्हा उरलेल्या पाचांवरचा भार वाढला असणारच. सायकलस्वारांच्या रांगेत सर्वांत पुढचा माणूस वारा अंगावर घेतो आणि मागच्यांना आडोसा मिळतो. म्हणून पुढची जागा पाळीपाळीने घ्यावी लागते. लखनौच्या नवाबी अदबीची एक थट्टा प्रसिद्ध आहे : ‘पहले आप, पहले आप’ करता करता दोघा सभ्य गृहस्थांची गाडी निघून गेली. लखनौला त्या थट्टेचा राग येत नाही, कारण तिच्यात एक खरे शहाणपण दडलेले आहे. पुढची जागा मानाची असेल तेव्हा ती दुसऱ्याला देणे ही अदब; ती कष्टाची असेल तेव्हा मात्र ‘पहले आप’ म्हणणे ही लबाडी ठरते. सहांचे पाच झाले की प्रत्येकाची पाळी लवकर येते. गेलेल्याने हे तरी मनात आणले पाहिजे.

आणि पोहोचलेल्यांचे काय? महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम पडला. युधिष्ठिर चालतच राहिला; शिवाय भीमाच्या प्रत्येक प्रश्नाला त्याने पडलेल्याचा दोष उत्तर म्हणून सांगितला. कुणाला पक्षपात, कुणाला रूपाचा गर्व, कुणाला पराक्रमाचा. महाभारतातील फार थोडे प्रसंग इतके अस्वस्थ करतात. पुढे गेलेल्याला मागे राहिलेल्यांचे दोष सापडतात, कारण त्याशिवाय स्वतःचे पुढे जाणे त्याला समर्थनीय वाटत नाही. तोच युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी एका कुत्र्याला सोडायला नकार देतो. भावांसाठी तो थांबला नाही आणि कुत्र्यासाठी अडून बसला, ही विसंगती भाष्यकारांनी धर्माच्या परीक्षेत विरघळवली आहे. पण कदाचित ती विसंगती नसेलही. भाऊ पडले तेव्हा त्यांच्यासाठी करण्यासारखे काही उरले नव्हते. कुत्रा जिवंत होता, मागोमाग आला होता, आणि त्याला टाकणे वा न टाकणे युधिष्ठिराच्या हाती होते.

सहप्रवास मुक्कामाच्या नावाने मोजायचा की चाललेल्या वाटेच्या, हा वाद पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मिटत नाही. मुखपृष्ठ पोहोचलेल्यांचे असते. परंतु तेहरानपर्यंतचा प्रत्येक मैल सहा जणांनी कापला, सायकली सहा जणांनी ढकलल्या, आणि त्या मैलांपुरती ती प्रदक्षिणा तिघांची कधीच नव्हती.