हवा, ग्वाही आणि मत

निवडणुकीसाठी मराठीत एक फार सोयीचा शब्द आहे : हवा. 'हवा कुणाची?' एवढं विचारलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. सभेला गर्दी किती, रिक्षावाला काय म्हणतो, कट्ट्यावर कुणाचं नाव निघतं, हे सगळं त्या दोन अक्षरांत मावतं. २०२४च्या ऑक्टोबरात मी मिशिगनमध्ये होते आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आत्यापासून चुलतभावापर्यंत सगळे हाच प्रश्न विचारत होते. हॅरिस की ट्रम्प? हवा कुणाची?

मला तिथे मत नाही. वर्क व्हिसावरची माणसं कर भरतात, पण मतदानाच्या रांगेत उभी राहत नाहीत. त्यामुळे बघण्यापलीकडे मला काम नव्हतं. बघता बघता मात्र हवेपेक्षा वेगळाच प्रश्न छळू लागला. एकाला एक उमेदवार जीव तोडून हवा असतो, दुसऱ्याला दुसरा नाइलाजाने चालणार असतो. दोघांच्या मताची किंमत सारखीच असावी का? आणि ज्याला उत्साह वाटतच नाही, त्याच्याकडून तो मागण्याचा हक्क कुणाला आहे का?

आधी हवा मोजण्याबद्दल. अमेरिकेत हा धंदा जुना आहे आणि त्यातली सर्वांत गाजलेली फजिती १९३६ची. 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. त्यातल्या २३ लाखांच्या आसपास भरून परत आल्या. एवढा प्रचंड आकडा हातात असताना त्यांनी जाहीर केलं की अल्फ लँडन जिंकणार. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले होते, म्हणजे त्या मंदीच्या काळातल्या खात्यापित्या घरांचे. हे कारण सगळे सांगतात. पण नंतरच्या अभ्यासकांनी दुसरं कारणही दाखवलं. रूझवेल्टवर चिडलेली माणसं मतपत्रिका भरून पाठवायला जास्त उत्सुक होती. समाधानी माणूस टपालपेटीपर्यंत चालत गेला नाही. राग लवकर उत्तर देतो.

पाऊणशे वर्षांनंतर तीच गोष्ट उलट बाजूने दिसली. २०१२मध्ये ओबामा पहिल्या वादचर्चेत फिके पडले आणि चाचण्यांमध्ये रॉम्नी एकदम वर गेले. लोकांची मनं बदलली, असा अर्थ सगळ्यांनी काढला. अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्सबॉक्स गेमवरून त्याच काळात गोळा केलेली लाखो उत्तरं तपासली. मनं फारशी बदललीच नव्हती. आपला माणूस हरला म्हणून हिरमुसलेले लोक चाचणीला उत्तर द्यायचेच थांबले होते. आपली टीम हरत असली की आपण स्कोअर बघत नाही, तसं. त्यांचं मत जिथल्या तिथे होतं, फक्त ते बोलत नव्हते.

म्हणजे हवा मोजणारा माणूस बऱ्याचदा बोलणाऱ्यांनाच मोजत असतो. अंगणातल्या पाट्या, सभेतल्या टोप्या, ट्रेंड होणारे हॅशटॅग, सगळ्यांचं हेच. २०२० बघा. ट्रम्प यांच्या सभांना गर्दी, त्यांच्या नावाने बोटींच्या मिरवणुका. बायडन यांच्या सभा कोरोनामुळे मोटारींत बसून, टाळ्यांऐवजी हॉर्न. प्यू रिसर्च सेंटरने विचारलं, तेव्हा बायडन यांच्या अर्ध्याहून अधिक समर्थकांनी पाठिंब्याचं मुख्य कारण सांगितलं ते 'ते ट्रम्प नाहीत' हे. हवा म्हणावी अशी काही नव्हती. आणि त्या माणसाला ८ कोटी १० लाखांहून जास्त मतं पडली. अमेरिकेच्या इतिहासात तोवर कुणालाच एवढी मतं मिळाली नव्हती.

या मतांना काही लोक 'निगेटिव्ह' म्हणून नाक मुरडतात. माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. ती मतं कमअस्सल होती का?

रॉबर्ट डाल या राज्यशास्त्रज्ञाने १९५६च्या आपल्या पुस्तकात हा पेच मांडला होता. बहुमताला एखादी गोष्ट जराशी हवी असेल आणि अल्पमताला तिच्या उलट गोष्ट जिवापाड हवी असेल, तर निव्वळ डोकी मोजणं न्याय्य आहे का? प्रश्न खोटा नाही. पाचजणांच्या घरात तिघांना गंमत म्हणून टीव्ही मोठ्याने लावायचा असेल आणि दोघांची उद्या परीक्षा असेल, तर मतदान घेणारा बाप शहाणा नव्हे. या पेचावर उपायही सुचवले गेले. २०१९मध्ये कोलोरॅडोच्या प्रतिनिधीगृहातल्या डेमोक्रॅट आमदारांनी कुठल्या विधेयकांना आधी पैसे द्यायचे, हे ठरवायला एक वेगळी पद्धत वापरली. प्रत्येकाला ठरावीक टोकन मिळाले. एका विधेयकाला एक मत द्यायचं तर एक टोकन, दोन मतं द्यायची तर चार, तीन द्यायची तर नऊ. तळमळ दाखवा, पण तिची किंमत मोजा.

खोलीत बसलेल्या काही डझन आमदारांसाठी ही युक्ती छान आहे. देशाचा अध्यक्ष निवडताना मात्र मला ती नको वाटते. कारण तळमळ आणि तळमळ दाखवायची सोय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभेला चार तास उभं राहायला चार तास लागतात. रात्रपाळी करणाऱ्या नर्सकडे ते नसतात. दोन नोकऱ्या करणाऱ्या आईच्या अंगणात पाटी नसते, कारण तिला अंगणच नसतं. निकालाची झळ ज्याला सर्वांत जास्त बसणार, तोच कितीदा सर्वांत थकलेला असतो. भीती तर बहुधा गप्पच असते. शिवाय उत्साहाला वजन मिळतं म्हटल्यावर प्रत्येक जण आवाज वाढवणार, आणि मग खरा आक्रोश कुठला आणि भाडोत्री कुठला, हे कोण ठरवणार? मतपत्रिकेला आवाज ऐकू येत नाही. मला हा तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

मग तळमळीने जायचं कुठे? मतदानाच्या आधी. दारोदार फिरायला, भांडायला, लिहायला, दुसऱ्याला पटवायला. यातच येतो जाहीर पाठिंबा, ज्याला तिकडे एंडोर्समेंट म्हणतात.

पाठिंब्याची ताकद मोजणंही तसंच फसवं. ओप्रा विन्फ्री यांच्या पाठिंब्याने २००८च्या प्राथमिक फेरीत ओबामांना सुमारे १० लाख मतं मिळाली, असा अंदाज दोन अर्थशास्त्रज्ञांनी काढला. २०१६मध्ये भूमिका जाहीर करणाऱ्या देशातल्या मोठ्या वृत्तपत्रांपैकी जवळजवळ सगळी ट्रम्प यांच्या विरोधात होती, ते जिंकले. सप्टेंबर २०२४मध्ये टेलर स्विफ्टने हॅरिस यांना पाठिंबा दिला आणि तिने दिलेल्या लिंकवरून २४ तासांत ४ लाखांहून अधिक लोक सरकारी मतदार-नोंदणीच्या साइटवर गेले, हॅरिस हरल्या.

पण मला लक्षात राहिलाय तो एक छोटा पाठिंबा. फेब्रुवारी २०२०. बायडन आयोवा आणि न्यू हॅम्पशरमध्ये सपाटून मार खाऊन साउथ कॅरोलायनात आले होते. तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न एका अंत्यविधीसाठी चर्चमध्ये गेले. ते स्वतःच नंतर सांगत की, पुढच्या बाकावरच्या एका वृद्ध बाईने त्यांना जवळ बोलावलं आणि विचारलं, तुम्ही कुणाला मत देणार? कुणी ऐकायला नको असेल तर माझ्या कानात सांगा. त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, मला हे ऐकायचं होतं, लोकांनाही ऐकायचंय. २६ तारखेला त्यांनी पाठिंबा जाहीर केला, २९ला बायडन जवळपास निम्मी मतं घेऊन जिंकले.

या गोष्टीत हवा नाही. गर्दी नाही, गाणं नाही. आहे ती ग्वाही. त्या बाईने उमेदवाराबद्दल माहिती विचारली नाही; ज्याला वर्षानुवर्षं ओळखते त्या माणसाला विचारलं की तू कुणाची खात्री देतोस. अशा वेळी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणं म्हणजे बुद्धी गहाण टाकणं नव्हे. आपण डॉक्टर, मेकॅनिक, भाडेकरू असेच निवडतो. अट एकच : ग्वाही देणाऱ्याचं स्वतःचं काही पणाला लागलेलं असावं. चुकीची निघाली तर त्याला त्याच चर्चमध्ये, त्याच बाकासमोर पुन्हा उभं राहायचंय.

ग्वाही आणि मत यांतला हा फरक मला मिशिगनने शिकवला. फेब्रुवारी २०२४च्या डेमोक्रॅटिक प्राथमिक फेरीत इथल्या १ लाखाहून अधिक मतदारांनी 'अनकमिटेड', म्हणजे कुणालाच बांधील नाही, या पर्यायावर खूण केली. गाझातल्या युद्धाला बायडन सरकार देत असलेल्या पाठबळाचा तो निषेध होता. सप्टेंबरमध्ये या चळवळीने जाहीर केलं : आम्ही हॅरिस यांना पाठिंबा देत नाही, ट्रम्पही नकोत, आणि तिसऱ्या पक्षाला मत द्या, असंही आम्ही सांगत नाही. दोन्हीकडून टीका झाली. एक बाजू म्हणाली, एवढं नाजूक असताना हात आखडता घेणं म्हणजे ट्रम्प यांना मदत. दुसरी म्हणाली, ही कसली गुळमुळीत भूमिका.

माझ्या ऑफिसात एक सहकारी आहे, लेबनीज कुटुंबातला. त्याचे नातेवाईक दक्षिण लेबनॉनमध्ये, आणि त्या शरदात तिथे बॉम्ब पडत होते. नोव्हेंबरात मी त्याला एवढंच विचारलं, मत दिलंस का? तो म्हणाला, "दिलं. मिरवण्यासारखं नाही, लपवण्यासारखंही नाही." कुणाला, ते मी विचारलं नाही.

मला वाटतं, त्या एका वाक्यात नैतिक हिशेब पूर्ण होता. मत म्हणजे समोर असलेल्यांतून निवड. ती करताना नाक दाबायला लागलं तरी चालतं. ग्वाही म्हणजे 'या माणसाचा भरवसा मी देतो' असं दुसऱ्याला सांगणं. जे मनापासून वाटत नाही ते सांगितलं, तर ती खोटी साक्ष झाली, मग उद्देश कितीही चांगला असो. ज्याच्या घरावर बॉम्ब पडतोय त्याच्याकडे पक्ष मत मागू शकतो. त्याने हसऱ्या चेहऱ्याने बिल्ला लावावा, हे मागू शकत नाही.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे. तत्त्व सांभाळायला ठीक, पण परिणामांचं काय? हॅरिस मिशिगन सुमारे ८० हजार मतांनी हरल्या. डिअरबॉर्नमध्ये, जिथे अरब वंशाचे मतदार बहुसंख्य आहेत, ट्रम्प पहिले आले. मिशिगन जिंकूनही हॅरिस अध्यक्ष झाल्या नसत्या, हा आकड्यांचा दिलासा झाला. अटीतटीच्या वर्षी तो मिळणार नाही. त्यामुळे गप्प राहण्याचीही जबाबदारी असते, हे मान्य करायलाच हवं. पण ती जबाबदारी मताने पार पाडता येते. खोट्या उत्साहाने नाही. उलट खोटा उत्साह पुढाऱ्याला चुकीची बातमी देतो. कुरकुरत दिलेलं मतही मोजणीत पूर्ण धरलं जातं, आणि त्यामागची कुरकुर जिंकलेल्याच्या कानावर पडत राहिली तर त्याला कळतं की हे मत उधारीचं आहे.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी निवडणूक कुठलीही असो, 'तू एवढी थंड का?' असं कुणाला विचारण्याआधी थांबा. ज्याच्या स्टेटसवर काही नाही, त्याने कदाचित सर्वांत जास्त विचार केला असेल. त्याला उत्साह विचारू नका. मतदानाला जाणार का, एवढं विचारा. आणि 'कुणाला देऊ?' असं त्याने तुम्हाला विचारलं, तर उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा, हेच मी त्याच्या कानात सांगू शकेन का?