अर्धा गुण कोणाचा?

"बरोबरी झाली? म्हणजे मोठ्यानेच सोडून दिला असणार." उर्से गावात चहा घेता घेता एक काका सहज बोलून गेले. त्यांच्या शाळकरी पुतण्याने आपल्यापेक्षा खूप बलवान खेळाडूशी बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सोडवला होता. पोरगा गप्प राहिला. मला ते वाक्य खुपत राहिलं.

बरोबरीत दोघांना अर्धा-अर्धा गुण, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मागून घेतलेली बरोबरी वेगळी आणि झुंजून राखलेली वेगळी. पहिलीत दोघंही धोका टाळतात. दुसरीत एक प्यादं कमी असताना हत्ती आणि राजा तासन्‌तास तग धरतात. शिवाय बलवान खेळाडू फुकट का सोडेल? अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने घालून दिलेली मानांकनाची पद्धत मोठी कठोर आहे. 400 गुणांनी खालच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळताना वरच्याकडून 0.92 गुणांची अपेक्षा असते. मिळाला अर्धा, तर तूट 0.42. ही तूट ज्याने गुणतात तो गुणक 20 असेल, तर मानांकनातून 8.4 गुण गेले. एवढं दान कुणी करत नाही.

काकांना पटावं म्हणून मी बाटुमीचं उदाहरण घेतलं. जुलै 2025, महिला विश्वचषकाची अंतिम लढत. एकीकडे 2002 पासून ग्रँडमास्टर असलेली कोनेरू हंपी, दुसरीकडे नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख, मानांकनात सुमारे 80 गुणांनी मागे. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. लहानीने मोठीला रोखलं, असं म्हणायला मी तयारच होतो. पण पहिल्या डावात पांढरी मोहरी घेऊन वरचढ झाली होती ती दिव्या! संधी तिच्या हातून निसटली. त्या दिवशी तग धरला तो हंपीने.

मग "एवढ्या मोठ्या खेळाडूशी बरोबरी!" हे कौतुक तरी कितपत खरं? काकांची शंका आणि हे कौतुक, दोन्ही पट न बघता मानांकन बघूनच निकाल देतात. कौतुक तर जास्त घातक, कारण त्यात मुलाला जिंकण्याचा हक्कच नाही, हे आधीच गृहीत धरलेलं असतं. दिव्याने ते मानलं नाही. 28 जुलैला बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत 1.5-0.5 अशी जिंकून ती भारताची 88वी ग्रँडमास्टर झाली.

घरातलं मूल बलवानाशी बरोबरी करून आलं, तर शाबासकी थोडा वेळ थांबवा. पट मांडायला सांगा आणि विचारा, "यात तुला कुठे जिंकता आलं असतं?"